‘विश्वास’ आणि ‘बोलणे’ : एका आईचे बायबलवाचन

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात एक कनानी बाई येते. तिच्यावर मी आजवर दहाबारा तरी उपदेश ऐकले असतील. बाई परक्या लोकांतली, तिची मुलगी भुताने पछाडलेली. ती येशूच्या मागे ओरडत येते. तो आधी काही बोलतच नाही. शिष्य म्हणतात, हिला घालवून द्या. मग मुलांची भाकर कुत्र्यांपुढे टाकणे बरे नाही, अशा अर्थाचे कठोर उत्तर येशू देतो. त्यावर ती प्रत्युत्तर देते. शेवटी तो तिच्या विश्वासाची थोरवी सांगतो आणि मुलगी बरी होते. उपदेशाचा समारोप ठरलेला असतो : या बाईचा विश्वास मोठा होता म्हणून तिची मुलगी बरी झाली, तर आता आपापला विश्वास केवढा आहे ते आपण तपासून पाहू या.

अकरा वर्षांपूर्वी सिकंदराबादच्या एका चर्चमध्ये हा उपदेश ऐकला, तेव्हा माझी आठ वर्षांची लेक माझ्या शेजारी बसली होती. तिला वर्षभरापासून फिट्स येत होत्या. त्या आठवड्यात तीन आल्या होत्या. उपासना संपल्यावर मंडळीतल्या एक वयस्कर बाई जवळ आल्या, माझा हात हातात घेतला आणि तेलुगूत म्हणाल्या, “औषध चालू ठेव अम्मा, पण एक सांगते. आईचा विश्वास कमी पडला, की लेकराला सोसावं लागतं.” त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पाळकांनी जे सांगितले त्याचाच त्यांनी माझ्यापुरता अर्थ लावला होता, आणि तर्क म्हणून तो चुकीचाही नव्हता. विश्वास मोठा असला की मुलगी बरी होत असेल, तर मुलगी बरी होत नाही याचा दुसरा अर्थ काय निघणार?

त्यानंतर सहा वर्षे मी घरात बायबल उघडले नाही. रविवारी चर्चला जात होते, गीते म्हणत होते, प्रभुभोजन घेत होते. नवऱ्याला, सासूबाईंना काही जाणवू दिले नाही. पण एकटीने वाचणे थांबले. ज्या पुस्तकात आपल्यावर आरोपपत्र ठेवले आहे, ते रात्री उशाशी घेऊन कोण बसेल?

ते पुस्तक पुन्हा कसे उघडले गेले, त्याविषयी हा लेख आहे. मात्र ही ‘साक्ष’ नव्हे. आम्हा ख्रिस्ती लोकांत साक्ष देणे हा जवळजवळ एक वाङ्मयप्रकारच आहे आणि त्याचा साचा पक्का आहे : आधी अंधार, मग एखादे वचन, मग उजेड, आणि शेवटी सगळे सुरळीत. माझ्या घरी तसे काही घडले नाही. लेक आजही दिवसातून दोन वेळा गोळ्या घेते. मी साहित्य शिकवणारी बाई आहे. मी काय वाचले आणि ते कसे वाचले, एवढेच मला सांगता येईल.

माझे माहेर नगरचे. अमेरिकन मराठी मिशनने तिथे १८३१ साली काम सुरू केले, त्या परंपरेतले आमचे घर. आई वारली तेव्हा भावाने तिचे बायबल माझ्याकडे पाठवून दिले. कापडी कव्हर शिवलेले, स्तोत्रसंहितेची आणि विलापगीताची पाने बोटे लागून पिवळट झालेली, लेवीय मात्र जवळजवळ कोरे. ते तसेच कपाटात पडून होते. लेक चौदा वर्षांची असताना डॉक्टरांनी औषध बदलले आणि काही रात्री तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितले. मोबाइलच्या उजेडाने तिची झोप मोडायची. म्हणून मी छोट्या दिव्याखाली काहीतरी छापील घेऊन बसायचे ठरवले, आणि हाताला आईचे बायबल लागले. त्या खोलीत पाळक नव्हते, मंडळी नव्हती. घरातली बाकीची माणसे झोपलेली. सिकंदराबादच्या आमच्या घरात सासर तेलुगू, लेकीची शाळा इंग्रजी, त्यामुळे मराठी ही तशीही माझी एकटीचीच भाषा होती. तिथे मला पहिल्यांदा असे वाटले, की वर्गात कथा वाचायला शिकवते तसे हे वाचून पाहावे : काय लिहिले आहे, काय लिहिलेले नाही, कोण बोलते, कोण गप्प आहे.

आरोप जिथे ठेवला गेला होता तिथूनच मी सुरुवात केली. या बाईची गोष्ट मार्काच्या सातव्या अध्यायातही आहे. मार्काचे शुभवर्तमान चारांत सर्वांत आधीचे आणि मत्तयाने ते समोर ठेवून आपले लिहिले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मार्कात ती कनानी नसून सुरफुनीकी आहे. येशू सोर प्रांतात एका घरात शिरला आहे आणि आपण इथे आहोत हे कुणाला कळू नये अशी त्याची इच्छा आहे. म्हणजे दमलेला, लपू पाहणारा येशू. बाई त्या घरात येते. कुत्र्यांची तीच कठोर उपमा, आणि तेच तिचे उत्तर : मेजाखालच्या कुत्र्यांनाही मुलांच्या हातून सांडलेला चुरा मिळतोच की. फरक त्यापुढच्या ओळीत आहे. मत्तयाचा येशू तिच्या ‘विश्वासा’विषयी बोलतो. मार्काच्या येशूच्या तोंडी विश्वास हा शब्दच नाही. तो म्हणतो ते एवढेच, की तुझ्या या बोलण्यामुळे तुझे काम झाले. संपूर्ण प्रसंगात विश्वास मोठा की छोटा, हा प्रश्न कुणी काढलेला नाही.

सुमारे पंधरा वर्षे कॉलेजात शिकवलेल्या बाईला हा फरक आधी दिसला नव्हता, याची मला लाज वाटली. दोन्ही अध्याय मी लहानपणापासून वाचत आले होते. पण कानात उपदेशाचा शेवट इतका ठाम बसला होता, की मार्क वाचतानाही मला मत्तयच ऐकू येत असे.

मूळ ग्रीकमध्ये मार्काने इथे वापरलेला शब्द आहे ‘लोगोस’. योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात ज्या शब्दाने होते, तोच हा. आपल्या मराठी बायबलात योहानापाशी त्याचा ‘शब्द’ होतो आणि मार्कातील या बाईपाशी ‘बोलणे’ होते. सासूबाईंचे तेलुगू बायबल काढून पाहिले : योहानात ‘वाक्यमु’, मार्कात ‘माट’. तेलुगूत माट म्हणजे रोजचे बोलणे, बाजारात होते ते, सासू-सुनांत होते ते. भाषांतरकारांचे काही चुकलेले नाही. लोगोस हा ग्रीकमध्ये साधाच शब्द आहे, आणि योहानातील तत्त्वज्ञान उचलून मार्कातल्या एका वाक्यावर लादणे बरे नाही, हे मला कळते. तरीही देवाच्या मुखीचा तो ‘शब्द’ आणि एका परक्या बाईच्या तोंडचे ते ‘बोलणे’, ही फारकत भाषांतरात पडली आहे, मुळात नाही. एवढे तरी मराठी वाचकाला आणि तेलुगू वाचकाला माहीत असायला हरकत नाही.

या बाईने काय केले? येशूची उपमा तिने नाकारली नाही. तिच्यातच शिरून तिने ती उलटवली. वादातले हे अस्सल कौशल्य आहे. आपल्याकडे त्याला हजरजबाबीपणा म्हणतात. मार्कात शास्त्री आणि परूशी येशूशी वाद घालतात आणि गप्प होतात. जिच्या बोलण्यापुढे येशू आपला निर्णय बदलतो अशी हीच. तिच्यावरचे उपदेश ऐकून मला वाटायचे, की ती नम्र होती आणि तिने अपमान गिळला. वाचल्यावर दिसले की ती भांडली. तिला जे मिळाले ते विश्वासाच्या परीक्षेत जास्त गुण पडले म्हणून मिळालेले नाही. आईने मुलीसाठी युक्तिवाद केला आणि तो ऐकला गेला.

मग मी दुसऱ्या एका जागी गेले. तिथे जायला मला सर्वांत जास्त भीती वाटत होती. फिट्स येणाऱ्या मुलाची गोष्ट शुभवर्तमानात आहे. मार्काच्या नवव्या अध्यायात त्याच्या तोंडाला फेस येतो, तो दात खातो, आगीत आणि पाण्यात पडतो. ज्या आईने हे पाहिले आहे तिला या वर्णनात काही अलंकारिक वाटणार नाही. मत्तयाच्या सतराव्या अध्यायात याच मुलासाठी जे ग्रीक क्रियापद आहे त्याचा शब्दशः अर्थ चंद्राची बाधा होणे असा आहे; जुन्या मराठीत याला फेफरे म्हणत. मुलाला बाप घेऊन आला आहे आणि शिष्यांना तो बरा करता आलेला नाही. मत्तयात ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे येशू म्हणतो खरा. पण कुणाला? शिष्यांना. ज्यांनी बरे करायचे होते, ज्यांच्यापाशी अधिकार होता, त्यांना. मुलाच्या बापाला नव्हे.

मार्कात बापालाही विश्वासाची कसोटी चुकत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. विश्वास ठेवणाऱ्याला सर्व शक्य आहे, असे येशू त्याला ऐकवतो. त्यावर बाप रडवेला होऊन जे बोलतो त्याचा आशय असा, की माझा विश्वास आहे आणि नाहीही, जेवढा नाही तेवढ्याला तूच हात दे. आणि मुलगा बरा होतो. अर्ध्या विश्वासावर. विश्वास पुरा कर मग ये, असे त्याला कुणी सांगत नाही. ज्या वाक्याने मला सहा वर्षे बायबलापासून दूर ठेवले, ते बायबलातले नव्हतेच. बायबलाच्या आधाराने बोललेले ते माणसांचे वाक्य होते. मंडळीने जो दोष आईच्या पदरात टाकला, तो शुभवर्तमानाने मंडळीच्याच पदरात टाकलेला आहे.

इथे थांबले असते तर हे वाचन सोयीचे ठरले असते. पण पुस्तक जाड आहे आणि त्यातल्या सगळ्याच आयांची लेकरे बरी होत नाहीत.

उत्पत्तीच्या पुस्तकात हागार आहे. मिसरी दासी, अब्राहामापासून तिला झालेला मुलगा इश्माएल. सारा आणि अब्राहाम तिच्याविषयी बोलतात तेव्हा तिचे नाव एकदाही घेत नाहीत. दासी म्हणतात. नावाने हाक मारतो तो देवदूत. सोळाव्या अध्यायात ती छळाला कंटाळून पळते आणि रानातल्या झऱ्यापाशी देवालाच एक नाव देते, ‘पाहणारा’ अशा अर्थाचे. संपूर्ण बायबलात देवाचे नामकरण करणारे पहिले माणूस म्हणजे ही दासी. एकविसाव्या अध्यायात तिला मुलासह घराबाहेर काढले जाते. मसकातले पाणी संपते. ती मुलाला झुडपाखाली टाकते आणि बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसते, कारण लेकराचे मरण तिला डोळ्यांनी पाहायचे नाही.

फिट आलेल्या मुलापाशी बसलेल्या आईला हे अंतर माहीत असते. खोलीतून बाहेर जाता येत नाही आणि बघवतही नाही. एरिख आउअरबाखने ‘मिमेसिस’ (१९४६) या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात हिब्रू कथनाची होमरशी तुलना करून दाखवले, की होमर सगळे उजेडात मांडतो आणि बायबलचा निवेदक जवळजवळ सगळे अंधारात ठेवतो. त्याचे उदाहरण अब्राहाम-इसहाकाचे होते. हागारेच्या बाबतीत निवेदकाने मनातले दोन शब्द सांगितले आहेत, बाकी सगळे त्या अंतराने सांगितले आहे. आणि पुढे एक विचित्र गोष्ट आहे. मोठ्याने रडते ती आई. पण देवाने ऐकला तो मुलाचा आवाज, असे लिहिले आहे. मुलाचे नाव इश्माएल, म्हणजे देव ऐकतो. म्हणून व्याख्याकार म्हणतात की हा नावावरचा श्लेष आहे. असेल. पण मला त्यात दिलासा सापडला. आई नीट रडली का, पुरेशी रडली का, यावर त्या मुलाचे पाणी अवलंबून नव्हते. त्याचे त्याचे ऐकले गेले.

याच हागारेला सोळाव्या अध्यायात देवदूताने मालकिणीकडे परत जा, तिच्या हाताखाली राहा असे सांगितले आहे. ते माझ्या घशाखाली उतरत नाही आणि उतरवावे असेही मला वाटत नाही. फिलिस ट्रिबल या अमेरिकन अभ्यासिकेने १९८४ साली बायबलातील अशा चार स्त्रियांवर पुस्तक लिहिले, त्यांतली पहिली हागार. तिथला जाच सौम्य करून सांगायला ट्रिबल नकार देते. तिच्याकडून मी हे शिकले, की ग्रंथावर प्रेम असणे आणि ग्रंथाची बाजू सावरून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि रिस्पा. २ शमुवेल, एकविसावा अध्याय. तिच्यावर उपदेश मी आजवर एकही ऐकलेला नाही. दावीदाच्या राज्यात तीन वर्षे दुष्काळ पडतो. शौल राजाने गिबोनी लोकांची कत्तल केली म्हणून हा कोप, असे ठरते, आणि शौलाचे सात वंशज गिबोन्यांच्या हवाली केले जातात. ते त्यांना डोंगरावर टांगून मारतात. त्यांतले दोघे शौलाची उपपत्नी रिस्पा हिचे मुलगे. सातूच्या कापणीचा हंगाम नुकताच सुरू झालेला. रिस्पा खडकावर गोणपाट अंथरते आणि आकाशातून पाणी पडेपर्यंत तिथे बसून राहते. दिवसा पाखरांना आणि रात्री रानातल्या जनावरांना त्या प्रेतांना शिवू देत नाही. हा नेहमीचा पाऊस धरला, तर त्या प्रदेशात तो शरदात येतो. म्हणजे काही महिने. ती एक शब्दही बोलत नाही. दावीदाला हे कळते तेव्हा तो शौलाच्या आणि योनाथानाच्या अस्थी आणवतो, या सातांच्याही गोळा करवतो आणि अस्थींना माती मिळते. त्यानंतर निवेदक लिहितो, की देवाने देशाची विनवणी ऐकली.

‘त्यानंतर’ हा क्रम पाहण्यासारखा आहे. सात माणसे मारल्यावर देवाने ऐकले, असे लिहिलेले नाही. एका आईने प्रेतांची राखण केली, राजाला लाजवले, अस्थींना माती मिळाली, आणि मग ऐकले. राजाच्या दरबारात दुष्काळाचे जे धर्मशास्त्र ठरले होते ते निवेदकाने कुठेही खोडलेले नाही. फक्त त्यापुढे रिस्पाला बसवले आहे. सुरफुनीकी बाई बोलून वाद जिंकते. रिस्पा न बोलता तोच वाद घालते. तिची मुले परत येत नाहीत. मुलगी बरी झालेल्या बाईपेक्षा आज मला हीच जवळची वाटते. मी दिव्याखाली बसून जे करत होते ते प्रार्थना या नावाला पात्र आहे की नाही, अशी शंका मला येई. रिस्पा वाचल्यावर ती शंका गेली. राखण करणे हीही विनवणी असते.

या वाचनात मी एकटी नव्हते, हेही मला हळूहळू कळत गेले. मराठीत अशा आयांची परंपरा आहे. मात्र आपल्या समीक्षेने तिला तसे ओळखलेले नाही. पंडिता रमाबाई फेब्रुवारी १८८२ मध्ये विधवा झाल्या, १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी दोन वर्षांच्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढची काही वर्षे सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि १९७७ साली ग्रंथरूपाने आला. त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर रमाबाई तिथे हटून प्रश्न विचारतात. बायबल आपण आपल्या बुद्धीने वाचणार, चर्चने सांगितले एवढ्यावरून काही मानणार नाही, ही त्यांची भूमिका. आणि त्याच पत्रांत मुलीला कुणी आणि कसे वाढवायचे याचेही भांडण आहे. त्यांना स्वतःला हे दोन झगडे वेगळे वाटत नसावेत, असे मला पत्रे वाचताना वाटले. आपल्यासाठी शास्त्र दुसऱ्याने वाचायचे नाही, आणि आपले मूल दुसऱ्याने घडवायचे नाही. पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी कबूल केले, की बाप्तिस्मा घेऊन त्या ख्रिस्ती धर्मात आल्या खऱ्या, पण ख्रिस्त त्यांना नंतर काही वर्षांनी, वाचन आणि विचार करताना भेटला.

उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनात बसून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. न शिकलेल्या बायांना कळावे एवढी सोपी भाषा हवी हा आग्रह. छपाई तिथल्याच बायांच्या हातची. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, तेव्हा काम हातावेगळे झालेले होते. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. लेक गेल्यानंतरचे ते आठनऊ महिने एक आई भाषांतराचा शेवट करत होती. या भाषांतराची चर्चा होते तेव्हा त्यातल्या शब्दयोजनेची होते, रमाबाईंच्या धर्मांतराची होते. ते एका वाचणाऱ्या आईचे काम आहे, या बाजूने त्याकडे पाहिलेले माझ्या फारसे वाचनात नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचेही तेच. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात आली आणि मराठी आत्मचरित्रांत अव्वल ठरली. अन्यभाषक वाचकांना ती आता शांता गोखले यांच्या इंग्रजी भाषांतरातून (२०१७) भेटू शकते. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. त्यांनी पाच वर्षे घेतली. आधी जातपात त्यांच्या मनातून गळून पडली आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये, मुलासह. त्यांच्या विनोदाचे कौतुक आपण नेहमी करतो. पण नवऱ्याचा देव आयता न घेता स्वतःच्या बुद्धीला पटेल तेव्हाच घेणारी बाई, हे त्या पुस्तकाचे मध्यवर्ती चित्र आहे. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच ओवीत पुरे केले. ज्या बाईला शाळा जवळजवळ लाभलीच नाही, तिने येशूचे चरित्र स्वतःच्या भाषेत पुन्हा सांगितले.

भाषेचा मुद्दा मला शेवटी महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी उपासनेत मी देवाशी नेहमी अदबीने बोलत आले. मराठी वाचू लागले तेव्हा माझा सूर बदलला. मराठीत देवाशी भांडायची सवय जुनी आहे. जनाबाई विठ्ठलाला शिव्या देते, तुकाराम त्याच्या दारात धरणे धरून बसतो, कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालतात आणि ते घालताना आवाज चढलेला असतो. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांत गाऱ्हाण्यांचा वाटा मोठा आहे, तरी आमच्या उपासनेत वाचली जातात ती बहुधा स्तुतीची. आईच्या बायबलात कुठली पाने पिवळी झाली होती ते आता माझ्या लक्षात येते. माझी आई जन्माची ख्रिस्ती होती. पण देवाशी ती मराठीतच बोलत होती.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेते. मला हवे ते मी वाचत नाही ना? दोषी ठरवणारे वाचन दुःख देते म्हणून दोषमुक्त करणारे शोधून काढले, असे तर नाही? शक्य आहे. त्यावर माझ्याकडे वाचकाचेच उत्तर आहे : मत्तय आणि मार्क यांतला फरक पानावर आहे, अल्पविश्वासाचा ठपका कुणावर आहे ते पानावर आहे, रिस्पेच्या गोष्टीतला क्रम पानावर आहे. कुणीही उघडून पाहावे. आणि मत्तयाची ओळही मी फाडून टाकलेली नाही. आता ती वाचते तेव्हा वाटते, की त्यानेही भांडण्यालाच विश्वास म्हटले असेल. दोन्ही शुभवर्तमाने शेजारी ठेवली, तर मत्तय मार्काचे भाष्य होतो. अशी बाई, असे बोलणे, यालाच विश्वास म्हणायचे. मग मापायला काही उरत नाही.

एवढ्यावर माझी श्रद्धा पुन्हा उभी आहे. ती पूर्वीसारखी नाही. पूर्वी मी विश्वास ठेवत होते. आता वाचते, विचारते, कधी पुस्तक मिटून ठेवते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा उघडते.

हा लेख लिहायला घेतल्यावर लेकीला विचारले, तुझ्याविषयी लिहिले तर चालेल का. ती आता एकोणीस वर्षांची आहे. तिला देवनागरी सावकाश वाचता येते, म्हणून मार्काचा सातवा अध्याय तिने आजीच्या तेलुगू बायबलातून वाचला. मी माझे सगळे म्हणणे तिला ऐकवले : लोगोस, माट, बाईचा युक्तिवाद. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “पण आई, त्या मुलीला कुणी काहीच विचारलं नाही. येशूनं नाही, तिच्या आईनं नाही. ती आपली घरी पलंगावर.”

मी पुन्हा पाहिले. खरेच, प्रसंगाच्या अखेरीस आई घरी जाते तेव्हा मुलगी अंथरुणावर पडलेली आहे आणि गोष्ट तिथेच संपते. ती काय म्हणाली, ते मार्काने लिहिलेले नाही, मत्तयानेही नाही. उपदेश करणाऱ्यांनी आईला आरोपी केले, मी आईला नायिका केले, आणि दोन्ही वाचनांत मुलगी तशीच पडून राहिली. लेकीने आजीचे पुस्तक खोलीत नेले आहे. अजून परत दिलेले नाही.